डेटा अ‍ॅनालिटिक्ससह एमबीए करायचे असेल तर: अभ्यासक्रम निवडण्यापासून नोकरीच्या पत्रापर्यंत

व्यवस्थापन शिक्षणाच्या जाहिरातींत 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' हे शब्द हल्ली इतक्या सर्रास दिसतात की, जेथे संख्याशास्त्र शिकवणारा एकही पूर्णवेळ प्राध्यापक नाही अशा महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातही हे विशेषीकरण आढळते. त्यामुळे प्रवेश परीक्षेचा अर्ज भरण्याआधी हे शिक्षण कशासाठी घ्यायचे आणि ते चांगले आहे की नाही हे कसे ओळखायचे, याचा विचार करणे आवश्यक ठरते. एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय ही माहिती काढण्याची, तपासण्याची आणि मांडण्याची साधने आज घरबसल्या, जवळजवळ फुकट शिकता येतात. त्यांच्यासाठी दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्च करण्याचे कारण नाही. व्यवसायातला गोंधळाचा प्रश्न आकड्यांनी तपासता येईल अशा रूपात मांडणे, आलेले उत्तर कितपत विश्वासार्ह आहे हे जोखणे आणि त्यावरून निर्णय घेणे, हे मात्र अनुभवी प्राध्यापक, तोडीचे सहाध्यायी आणि प्रत्यक्ष प्रकल्प यांच्याशिवाय सहसा जमत नाही. पुढील प्रत्येक पायरी याच निकषावर तपासावी असे माझे मत आहे.

आपल्याला नेमकी कोणती पदवी हवी

अ‍ॅनालिटिक्सचे काम साधारणपणे चार पातळ्यांवर चालते. एखाद्या दूध संघाचे उदाहरण घेऊ. गेल्या महिन्यात कोणत्या मार्गावर किती पिशव्या न विकता परत आल्या हे सांगणे ही वर्णनाची पातळी. त्या का परत आल्या, म्हणजे गाडी उशिरा पोहोचली, शाळांना सुट्टी होती की शेजारच्या दुकानात दुसऱ्या ब्रँडने सवलत दिली, हे शोधणे ही कारणमीमांसेची पातळी. पुढच्या आठवड्यात किती मागणी असेल याचा अंदाज बांधणे ही तिसरी, आणि तो अंदाज हाताशी धरून कोणत्या मार्गावर किती पिशव्या पाठवल्या असता नुकसान सर्वांत कमी होईल हे ठरवणे ही चौथी पातळी होय. व्यवस्थापन पदवीधराचे खरे काम दुसऱ्या आणि चौथ्या पातळीवर असते, कारण तेथे आकड्यांइतकीच व्यवसायाची जाण लागते. तिसऱ्या पातळीवरचे प्रतिमान (मॉडेल) बांधणारी मंडळी बहुतेक वेळा संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेली असतात.

ज्याला अल्गोरिदमच्या आतल्या गणितात रस आहे, त्याने संख्याशास्त्रातील एमएस्सी किंवा डेटा सायन्समधील एमटेक यांचा आधी विचार करावा; एमबीए करून त्याची निराशा होण्याचा संभव अधिक. ज्याला विपणन, वित्त, पुरवठा साखळी किंवा बँकिंग यांपैकी एखाद्या क्षेत्रात निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूला बसायचे आहे आणि आकड्यांची भीती वाटत नाही, त्याच्यासाठी अ‍ॅनालिटिक्सवर भर देणारे एमबीए योग्य आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी येथे विनाकारण कच खाऊ नये. ताळेबंद वाचता येणारा विश्लेषक कंपन्यांना हवाच असतो, आणि बीकॉमनंतर सहा-आठ महिने मनापासून संख्याशास्त्र केल्यास गणिताची उणीव बरीच भरून निघते.

या दोहोंच्या मधला एक पर्यायही आहे. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आयआयटी खरगपूर आणि आयआयएम कलकत्ता यांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे सुरू केलेला बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा दोन वर्षांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, जो पीजीडीबीए या नावाने ओळखला जातो. विद्यार्थी आळीपाळीने तिन्ही संस्थांत राहून शिकतात आणि शेवटी उद्योगात प्रत्यक्ष काम करतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संभाव्यताशास्त्र शिकायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे; पण प्रवेश परीक्षा स्वतंत्र असते आणि गणिताची पक्की बैठक नसेल तर हा अभ्यासक्रम जड जातो.

संस्थांची यादी कशी बनवावी

आयआयएम बंगळूरने २०२० मध्ये बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचे स्वतंत्र दोन वर्षांचे एमबीए सुरू केले. काशीपूर आणि रांची येथील आयआयएममध्येही अ‍ॅनालिटिक्सला वाहिलेले एमबीए आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या सिंबायोसिस समूहातील एससीएमएचआरडी येथे बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचे आणि एससीआयटी येथे डेटा सायन्स व डेटा अ‍ॅनालिटिक्सचे एमबीए उपलब्ध आहे. गोव्यात साखळीजवळील गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट बिग डेटा अ‍ॅनालिटिक्सचा पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेचा, अभ्यासक्रम चालवते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एमबीएमध्ये बिझनेस अ‍ॅनालिटिक्स हे विशेषीकरण म्हणून घेता येते, त्यामुळे विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांतून हा मार्ग तुलनेने कमी खर्चात खुला होतो.

पदवीच्या नावात 'अ‍ॅनालिटिक्स' असलेच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नये. मुंबईची जमनालाल बजाज संस्था, पूर्वी नीटी म्हणून ओळखले जाणारे आणि २०२३ पासून आयआयएम मुंबई झालेले पवई येथील केंद्र, आयआयटी मुंबईची शैलेश जे. मेहता व्यवस्थापन शाळा किंवा २०१५ मध्ये सुरू झालेले आयआयएम नागपूर येथे सर्वसाधारण एमबीए करून, दुसऱ्या वर्षी अ‍ॅनालिटिक्सचे ऐच्छिक विषय घेऊन त्याच क्षेत्रात जाणारे विद्यार्थी असतात. नावात अ‍ॅनालिटिक्स असलेली साधारण संस्था आणि नावात ते नसलेली उत्तम संस्था यांत निवड करायची झाल्यास मी दुसरी निवडेन, कारण दहा वर्षांनी विशेषीकरण कोणी विचारत नाही, संस्था विचारतात.

एमबीए आणि पीजीडीएम यांतला फरक अनेकांना उगाच धास्तावतो. विद्यापीठ पदवी देते, तर स्वायत्त संस्था अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने पदविका देते. आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत असत. खासगी नोकरीत या फरकाने काही बिघडत नाही. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर संबंधित पीजीडीएमला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का, एवढे पाहून घ्यावे.

अभ्यासक्रमपत्रिका आणि प्लेसमेंटचा अहवाल वाचताना

संस्थेच्या संकेतस्थळावरून विषयांची संपूर्ण यादी उतरवून घ्यावी आणि प्रत्येक विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) मांडावेत. संख्याशास्त्र एकाच सत्रात गुंडाळले असेल, आणि पुढे मात्र मशीन लर्निंग, डीप लर्निंग, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी भारदस्त नावे असतील, तर इमारत पायाविना उभी आहे असे समजावे. प्रतिगमन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याची रीत) आणि गृहीतक चाचणी यांना पुरेसा वेळ आहे का, रेषीय प्रोग्रॅमिंगसारखे इष्टतमीकरणाचे, म्हणजे सर्वोत्तम पर्याय गणिताने शोधण्याचे, विषय आहेत का, प्रयोगाची रचना आणि कार्यकारणभाव यांबद्दल काही शिकवले जाते का, हे पाहावे. इष्टतमीकरण हा विषय अनेक ठिकाणी वगळलेला आढळतो. वर सांगितलेली चौथी पातळी त्याच्याशिवाय येत नाही. यानंतर प्राध्यापकांची पाने उघडून, हे विषय कायम प्राध्यापक शिकवतात की बाहेरच्या प्रशिक्षण कंपनीला कंत्राट दिले आहे, याचा अंदाज घ्यावा. संस्थेच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर नम्रपणे संदेश पाठवून विचारल्यास बहुतेक जण खरे सांगतात.

प्लेसमेंटचा अहवाल वाचणे ही तर अ‍ॅनालिटिक्सची पहिली परीक्षाच म्हणायला हवी. समजा, पाच विद्यार्थ्यांना अनुक्रमे ६, ६.५, ७, ७.५ आणि ३३ लाखांचे वार्षिक वेतन मिळाले. सरासरी निघते १२ लाख, आणि जाहिरातीत तीच छापली जाते. पण पाचांपैकी चौघांना आठ लाखही मिळालेले नाहीत. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, आहे ७ लाख, आणि आपल्या वाट्याला येण्याची शक्यता त्याच्याच आसपासच्या आकड्याची. म्हणून मध्यक दिला आहे का, किती विद्यार्थी प्लेसमेंटला बसले आणि कितींना वगळले, वेतनाचा आकडा निश्चित पगाराचा आहे की सगळे भत्ते धरून, आणि अहवाल बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासला आहे का, हे प्रश्न विचारावेत. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने तयार झालेल्या भारतीय प्लेसमेंट अहवाल मानकांनुसार काही संस्था असे तपासलेले अहवाल प्रसिद्ध करतात. त्याखेरीज 'अ‍ॅनालिटिक्स' या शीर्षकाखाली कोणती पदे मोजली आहेत तेही पाहावे, कारण विक्री विभागातील नोकरीला विश्लेषकाचे नाव देण्याची चाल जुनीच आहे.

प्रवेश परीक्षा आणि वर्षाचे वेळापत्रक

आयआयएमच्या प्रवेशासाठीची कॅट ही परीक्षा दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस होते आणि तिची नोंदणी साधारणपणे ऑगस्टमध्ये सुरू होते. भाषा व आकलन, डेटा अर्थनिर्णयन व तर्क, आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटे, एकूण दोन तास. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला उणे १, तर स्वतः टंकून लिहायच्या उत्तरांना उणे गुण नाहीत. पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्के आहे. डिसेंबरात सिंबायोसिसची स्नॅप आणि जानेवारीत एक्सएलआरआयची झॅट या परीक्षा येतात. मॅनेजमेंट शिक्षणासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमएएच-एमबीए/एमएमएस सीईटी त्यानंतर होते. तिच्यात आतापर्यंत २०० प्रश्नांसाठी १५० मिनिटे असा साचा राहिला आहे: तर्क ७५, अमूर्त तर्क २५, गणित ५० आणि इंग्रजी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

कॅट आणि सीईटी या दोन परीक्षांची तयारी एकसारखी करू नये. कॅटमध्ये कमी प्रश्न, जास्त विचार. कोणता प्रश्न सोडायचा हे ठरवण्यात निम्मे यश असते. सीईटीमध्ये एका प्रश्नाला पाऊण मिनिट, त्यामुळे वेग आणि एकही प्रश्न कोरा न ठेवणे महत्त्वाचे. कॅटचा अभ्यास नोव्हेंबरपर्यंत मन लावून केलेल्याला सीईटीसाठी पायाभूत अभ्यास पुन्हा करावा लागत नाही; घड्याळ लावून सराव चाचण्या सोडवणे आणि अमूर्त आकृत्यांचे प्रश्न हाताळणे, एवढेच राहते. अ‍ॅनालिटिक्सकडे जाणाऱ्याने डेटा अर्थनिर्णयनाच्या विभागात विशेष रस घ्यावा. तक्ता पुढे आल्यावर आकडेमोडीकडे न धावता आधी स्तंभांची नावे, एकके आणि तळटीप वाचण्याची जी सवय तेथे लागते, ती नोकरीतही जशीच्या तशी कामाला येते.

सीईटीच्या निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, सुरू होते, आणि चांगले पर्सेंटाइल मिळवलेले विद्यार्थीही येथे कागदपत्रांपायी अडकतात. अधिवास प्रमाणपत्र, आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, हे सारे आधीच्या हिवाळ्यातच मिळवून ठेवावे. जात पडताळणीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. विकल्प अर्ज भरताना 'आपल्याला मिळेल का' याचा हिशेब न करता, आपल्याला खरोखर ज्या क्रमाने महाविद्यालये हवी आहेत त्याच क्रमाने ती लिहावीत. वरचे महाविद्यालय न मिळाल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले तर तीच जागा अंतिम मानली जाते, म्हणून मनात नसलेले नाव सुरक्षित वाटते म्हणून वर टाकणे अंगाशी येते.

वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

परीक्षा आणि प्रवेश यांच्या मधल्या चार-पाच महिन्यांचा उपयोग फार कमी जण करतात. एक्सेल चांगले यावे. पिव्होट टेबल, लुकअप आणि सॉल्व्हर एवढे तरी. त्यानंतर एसक्यूएल, आणि मग पायथन किंवा आर यांपैकी एक. दोन्ही भाषा अर्धवट शिकण्यात फायदा नाही. एसक्यूएल शिकताना केवळ आज्ञा पाठ न करता तक्ते जोडताना काय बिघडते ते पाहावे. एका तक्त्यात ऑर्डर आहेत आणि दुसऱ्यात पैसे भरल्याच्या नोंदी आहेत असे समजू. एखाद्या ग्राहकाने ४,००० रुपयांच्या ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत दिले असतील, तर दोन्ही तक्ते सरळ जोडल्यावर ती ऑर्डर दोन ओळींत येते आणि रकमेची बेरीज केल्यास विक्री ८,००० दिसते. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही. अहवाल वर जातो आणि वाढलेल्या विक्रीचे कौतुकही होते. जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर ओळींची संख्या मोजण्याची सवय याच काळात लावून घ्यावी.

मुलाखतीत दाखवता येईल असा एक तरी स्वतःचा प्रकल्प हवा. इंटरनेटवरच्या त्याच त्या तयार माहितीसंचांवर केलेले शेकडो प्रकल्प परीक्षकांनी पाहिलेले असतात. आपल्या परिसरातला प्रश्न घेतला तर उत्तरात जीव येतो. लासलगावच्या कांद्याचेच पाहा. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समित्यांतील रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर उपलब्ध असतात. तीन-चार वर्षांची माहिती उतरवून घेतली की पहिला प्रश्न उभा राहतो तो रिकाम्या दिवसांचा: बाजार बंद होता म्हणून नोंद नाही, की आवक झाली पण नोंद झाली नाही? रिकाम्या जागी शून्य भरले तर सगळे सरासरी दर बिघडतात. पुढे आवक वाढली की दर पडतो, असे सोपे समीकरण मांडावेसे वाटते. पण खरीप आणि रांगड्याचा लाल कांदा टिकत नसल्याने शेतकऱ्याला तो लगेच विकावा लागतो, तर उन्हाळ कांदा चाळीत साठवून दराची वाट पाहता येते. म्हणजे एकाच आवकेचा दरावरचा परिणाम हंगामानुसार बदलतो, आणि दोन्ही हंगाम एकत्र मिसळून काढलेले प्रतिगमन कोणत्याच हंगामाला नीट लागू पडत नाही.

यावरही धोरणाचा धक्का बसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्याच्या अटीसह ती उघडली. या तारखा ज्या प्रतिमानाला माहीत नाहीत ते त्या काळातील दरांचे स्पष्टीकरण भलत्याच गोष्टींत शोधेल. ज्या विद्यार्थ्याने हे सारे चार पानांत मांडले, आणि शेवटी 'निफाडच्या एखाद्या उत्पादक कंपनीने चाळीतला माल केव्हा काढावा' यासारख्या निर्णयापर्यंत आणून सोडले, त्याला व्यवसाय विश्लेषण म्हणजे काय हे समजले आहे असे परीक्षक खुशाल मानतील. त्यात किचकट अल्गोरिदम नसला तरी चालते.

लेखी क्षमता चाचणी, गटचर्चा आणि मुलाखत

मुलाखतीत पदवीच्या विषयांतले मूलभूत प्रश्न, 'अ‍ॅनालिटिक्सच का' हा प्रश्न आणि संख्याशास्त्राची समज तपासणारे प्रश्न येतात. सूत्रापेक्षा अर्थ विचारला जातो. एक नेहमीचा सापळा असा: हजार व्यवहारांत दहा फसवणुकीचे आहेत, आणि एक प्रतिमान ९९ टक्के अचूक असल्याचा दावा करते, ते चांगले आहे का? प्रत्येक व्यवहार 'निर्दोष' ठरवणारे, एकही फसवणूक न पकडणारे प्रतिमानसुद्धा ९९ टक्के अचूकच असते, हे लक्षात आले पाहिजे. त्यापुढे जाऊन, खरी फसवणूक सुटली तर बँकेचे किती नुकसान होते आणि प्रामाणिक ग्राहकाचे कार्ड चुकून अडवले तर काय किंमत मोजावी लागते, या दोहोंचा तोल विचारात घ्यायला हवा असे जो म्हणतो, तो व्यवस्थापकासारखा बोलतो. पी-मूल्य, सहसंबंध आणि कार्यकारण यांतला फरक, सरासरी केव्हा फसवते, हे विषय साध्या मराठीत किंवा साध्या इंग्रजीत, गणित न शिकलेल्या माणसाला समजतील असे बोलून पाहावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याची प्राथमिक माहितीही असावी. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय कशी वापरता येणार नाही हा प्रश्न आता नोकरीच्या पहिल्याच दिवशी पुढे येतो.

पैशांचे गणित

जुन्या आयआयएममधील दोन वर्षांचे शुल्क २० लाखांच्या पुढे गेले आहे. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ते त्याच्या काही अंशाइतकेच असते. महाराष्ट्रातील खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि महाविद्यालयाने सांगितलेला आकडा त्याच्याशी पडताळून घ्यावा.

राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि कॅपमधून प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत देते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले आहे. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. खासगी अभिमत विद्यापीठे, स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश यांना ही सवलत नाही, आणि नेमकी हीच ओळ अनेक पालक प्रवेश घेऊन झाल्यावर वाचतात.

शिक्षणकर्जासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहावी. यादीतील दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात, म्हणजे हप्ते सुरू होईपर्यंत, व्याजात ३ टक्के सूटही आहे. कर्ज किती घ्यावे याचा हिशेब हप्त्यावरून करावा. १५ लाखांचे कर्ज १० टक्के दराने १० वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे १९,८०० रुपये जातात. शिकत असतानाचे व्याज भरले नाही तर ते मुद्दलात मिळते आणि हप्ता आणखी चढतो. संस्थेच्या मध्यक वेतनातून हातात येणारी रक्कम काढून, हप्ता तिच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर त्या संस्थेचा फेरविचार करावा.

नोकरी न सोडता आणि परदेशात

नोकरी करत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी ऑनलाइन एमबीए हा पर्याय आहे, परंतु पदवी विद्यापीठाची हवी आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता त्या वर्षापुरती असल्याचे आयोगाच्या संकेतस्थळावर तपासावे. शैक्षणिक तंत्रज्ञान कंपनीचा विक्री प्रतिनिधी दिवसातून चार वेळा फोन करतो म्हणून अभ्यासक्रम चांगला ठरत नाही. ऑनलाइन पदवीतून आहे त्या कंपनीत बढती किंवा विभाग बदलणे शक्य होते. कॅम्पस प्लेसमेंटची अपेक्षा ठेवून ती घेऊ नये.

अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी एमबीएऐवजी बिझनेस अ‍ॅनालिटिक्समधील मास्टर्स करतात. हा विषय तेथील सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित) यादीत २०२२ मध्ये समाविष्ट झाला असून, त्यामुळे पदवीनंतर १२ महिन्यांच्या प्रशिक्षण परवानगीला २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते. विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमाला कोणता सीआयपी संकेतांक (विषयांच्या सरकारी वर्गवारीतला क्रमांक) दिला आहे यावर ते अवलंबून असते, म्हणून तो लेखी विचारावा. व्यवस्थापन प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेची सध्याची आवृत्ती सव्वादोन तासांची असून ४५ मिनिटांच्या तीन विभागांपैकी एक पूर्णपणे डेटा इनसाइट्सचा आहे. तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएस्सी पदवी काही अमेरिकी विद्यापीठे स्वीकारत नाहीत, तेव्हा अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

दोन वर्षांत काय करावे, आणि नोकरीचे पत्र

पहिल्या वर्षी वित्त, विपणन आणि परिचालन हे मूळ विषय कंटाळवाणे म्हणून टाळू नयेत. पुढे प्रश्न तेथूनच येणार असतात. विशेषीकरण निवडताना अ‍ॅनालिटिक्सच्या जोडीला एक क्षेत्र पक्के धरावे. पतजोखीम समजणारा विश्लेषक किंवा गोदाम आणि वाहतूक समजणारा विश्लेषक यांची मागणी 'सर्व काही थोडे थोडे' येणाऱ्यापेक्षा टिकाऊ असते. उन्हाळी इंटर्नशिपमध्ये पहिल्या आठवड्यातच आपल्या कामातून कंपनीत कोणता निर्णय बदलणार आहे हे मार्गदर्शकाकडून स्पष्ट करून घ्यावे. ज्या डॅशबोर्डवरून कोणीच काही ठरवत नाही, तो कितीही देखणा असला तरी तेथून कायम नोकरीचा प्रस्ताव येण्याची शक्यता कमी.

नोकरीचा प्रस्ताव हाती आल्यावर सीटीसीचा, म्हणजे कंपनीला आपल्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा, आकडा सुटा करून पाहावा. बारा लाखांच्या सीटीसीत नऊ लाख निश्चित वेतन, दीड लाख कामगिरीवर अवलंबून, एक लाख एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस आणि पन्नास हजार भविष्य निर्वाह निधी व उपदान (ग्रॅच्युइटी) अशी विभागणी असू शकते; तेव्हा दरमहाचा विचार नऊ लाखांवरूनच करावा. रुजू बोनस वर्षभरात नोकरी सोडल्यास परत द्यावा लागतो का, बंधपत्र आहे का, पदनाम आणि प्रत्यक्ष काम जुळते का, आणि ज्या विभागात घेणार त्याचा प्रमुख आकड्यांवर निर्णय घेतो की आकडे निर्णयानंतर मागवतो, हे सही करण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला आणि त्या विभागात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला विचारावे.